दोरी धरणाऱ्याचं नाव काय?

गेल्या वर्षी मी एक रील टाकली होती. नुकरी घोडी, पायात तोडे, कपाळावर लाल गोंडा. समोर हलगी कडाडतेय आणि घोडी ठेक्यावर एकेक पाय उचलून अलगद खाली ठेवतेय. वर मी लिहिलं होतं : 'कोल्हापूरचा नाद खुळा!' दोन दिवसांत लाखावर लोकांनी ती बघितली. इतकी माझी कुठलीच रील चालली नव्हती. कमेंटी धो धो येत होत्या. घोडी कुणाची? मालक कोण? किंमत किती? घोडीचं नाव काय?

मूळ व्हिडिओत घोडीच्या डाव्या खांद्याजवळ एक म्हातारा माणूस होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात दोरी. फ्रेम चांगली दिसेना म्हणून मी तो कापला. बोटांनी व्हिडिओ थोडा मोठा केला, बाजूला सरकवला, झालं काम. रीलमध्ये त्याचा फक्त हात उरला, तोही मधूनमधून दिसणारा.

तो हात माझ्या आबांचा. माझ्या आईच्या वडिलांचा.

त्या घोडीला पाय उचलायला त्यांनी शिकवलं होतं. तीन वर्षं लागली होती. आणि मी, त्यांची सख्खी नात, त्यांच्याच कामाची रील करताना त्यांनाच बाहेर काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाशी भांडण नव्हतं. हात आपोआप वळला. हा लेख त्या 'आपोआप'वर आहे.

•••

मराठीत घोड्याला शिकवणाऱ्या माणसासाठी एक नेमका शब्द आहे : चाबुकस्वार. कोऱ्या, बिनवळणाच्या शिंगराला लगाम, खोगीर आणि चाल शिकवणारा तो चाबुकस्वार. आज हा शब्द तुम्हाला भेटेल तो शाळेच्या हजेरीपटावर, आडनाव म्हणून. धंदा गेला, आडनाव राहिलं. त्या आडनावाच्या एखाद्या मित्राला विचारून बघा, त्याचा अर्थ काय. बहुतेक जण म्हणतील, 'चाबूक मारणारा असेल काहीतरी.'

आपल्या बोलण्यात घोडी भरपूर आहेत. वरातीमागून येणारं घोडं आहे, गंगेत न्हालेलं घोडं आहे, कुठंतरी पेंड खात बसलेलं घोडं आहे. खोगीरभरती आहे, चौखूर उधळणं आहे. पण त्या घोड्याला धरून उभा असलेला माणूस मला एकाही म्हणीत सापडला नाही.

तर हा माणूस करतो काय?

आबा पूर्वी कोल्हापुरात टांगा चालवायचे. रिक्षा वाढल्या, टांग्याचं गिऱ्हाईक संपलं. मग ते दुसऱ्यांची घोडी तयार करू लागले. वरातीची, मिरवणुकीची, पुढे पुढे प्रदर्शनाची. नवं घोडं आलं की पहिले काही दिवस आबा त्याला काहीच शिकवत नाहीत. नुसते थानाजवळ बसून राहतात. चंदी स्वतःच्या हातानं घालतात, खरारा स्वतः करतात. लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, तुम्ही शिकवणार कवा?" तर म्हणाले, "आधी ते मला शिकतंय, पोरी. त्याचं झालं की माझं."

घोडं हे मूळचं पळणारं जनावर. वाघाची भीती त्याच्या रक्तात आहे, मग समोर प्लॅस्टिकची पिशवी का असेना. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. म्हणून घोड्याकडं नेहमी खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. त्याचं मन कानात दिसतं. कान मागं चिकटले की राग. एक कान तुमच्याकडं वळला की ते ऐकतंय. तोंड चघळल्यासारखं हलवायला लागलं की अंगातला ताण उतरतोय.

मग लांब दोरीवर गोल फिरवणं. इथं सगळी विद्या आहे. दोरी थोडी ताणायची आणि घोडं अर्धं पाऊल जरी हव्या त्या बाजूला वळलं, की त्याच क्षणी सैल सोडायची. घोडं शिकतं ते सोडण्यातून. सोडायला एक श्वास उशीर झाला तर ते भलतंच शिकतं. हलगीचंही तसंच. पहिल्या दिवशी हलगी दूरवर, हळू आवाजात, आणि इकडं तोंडात चंदी. काही दिवसांनी दहा पावलं जवळ. मग आणखी जवळ. एक दिवस घाई केली की महिन्याचं काम पाण्यात.

जर्मनीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हान्स नावाचा एक घोडा गाजला होता. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा. बेरजा विचारल्या की तो टाप आपटून बरोबर उत्तर द्यायचा. लोक म्हणाले, घोड्याला गणित येतं. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं तपास केला आणि १९०७ साली मांडला. घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा ते टिपायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसलेली हालचाल घोड्याला दिसत होती.

हे वाचलं आणि मला आबा कळले. ज्या जनावराला तुमच्या मानेची एवढीशी हालचाल वाचता येते, त्याच्यासमोर रोज चार-पाच तास उभं राहायचं म्हणजे स्वतःचं अंग, श्वास, राग, सगळं ताब्यात ठेवायचं. घरात भांडून आलेला माणूस त्या दिवशी घोड्याला काही शिकवू शकत नाही. याला कौशल्य म्हणत नसतील, तर कौशल्य कशाला म्हणतात ते तरी सांगा.

•••

कोल्हापूर हे घोड्यांवर जीव टाकणारं गाव आहे. बाहेरून येणाऱ्याचं स्वागत कावळा नाक्यावर ताराराणी करतात, तेही उधळलेल्या घोड्यावर बसून. रवींद्र मेस्त्रींनी केलेला तो पुतळा बघताना नजर आधी घोड्याच्या उचललेल्या पायांकडं जाते. दसरा चौकातल्या शाही दसऱ्याला आपण गर्दी करतो. भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक सिनेमे या मातीत झाले; घोड्यावरचे सूर्यकांत बघून आमच्या आजीच्या पिढीनं शिट्ट्या मारल्या. आता विचार करा. कॅमेरा, दिवे, तलवारींचा खणखणाट आणि शंभर माणसांचा आरडाओरडा यांच्यामध्ये ते घोडं शांत उभं राहिलं, सांगितल्यावर पळालं, सांगितल्यावर थांबलं. ते आपोआप झालं असेल? कुणीतरी त्याला त्या गोंगाटाची सवय लावली असेल. कोण होता तो?

इथून जवळच, चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीला जातात, तेही चालत. मग माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. रिंगणात एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्यावर कुणीच नसतं, कारण तो माउलींचा. लाखभर लोकांच्या टाळ-मृदंगात हा रिकाम्या पाठीचा घोडा रिंगण धरून दौडतो, माणसांच्या अंगावर जात नाही. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. २०१८च्या वारीत यातला 'हिरा' पुण्यात गेला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. हिराचं नाव मला पाठ आहे. त्याच्याबरोबर अंकलीपासून चालत आलेल्या माणसाचं नाव मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?

श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही. टापेखालची माती मीही कपाळाला लावली आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या मातीत दोन पायांचेही ठसे होते.

•••

'पूर्वी घोड्यांना मान होता, आता राहिला नाही,' असं गळा काढणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. पूर्वी घोड्याला मान होता, हे खरं. माणसाचं काय?

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांच्याशिवाय फौज हलत नाही, हे त्या राज्यकर्त्याला पक्कं माहीत होतं. त्यांची पदं कागदावर आली. सरदारांची नावं इतिहासात आली. पखालजी आणि नालबंद पद म्हणूनच राहिले.

महाभारताकडं बघा. अज्ञातवासात नकुल विराटाच्या घरी घोडे सांभाळायला राहिला, ग्रंथिक असं नाव घेऊन. म्हणजे राजपुत्राला लपायचं होतं तेव्हा त्यानं कुठली जागा निवडली? जिथं कुणी तोंडाकडं बघत नाही ती. पागा.

आणि आता कोल्हापूरची गोष्ट, जी इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत आहे आणि तरीही अर्धीच माहीत आहे. गंगाराम कांबळे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. जातीनं अस्पृश्य मानलेले. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढं उभे राहिले, पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना चाबकानं फोडून काढलं आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणून पाठबळ दिलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः आले. आपला खडखडा हॉटेलपुढं थांबवायचे, चहा मागवायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. महाराज गेल्यावर १९२५ साली याच गंगारामांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं केलं.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण तिचा पहिला अर्धा भाग पुन्हा वाचा. त्या पागेत घोड्याला पाणी मिळायची अडचण नव्हती. अडचण होती ती घोड्याला पाणी देणाऱ्या माणसाला. आणि पुढचंही बघा. गंगाराम कांबळे आपल्याला आठवतात ते चहावाले म्हणून. ते मोतद्दार कसे होते, कुठली घोडी त्यांच्या हाताखालून गेली, त्यांच्या हाताला घोडं कसं वागायचं, यातलं काही आपल्या सांगण्यात येत नाही. पागेत होते तोवर ते 'एक मोतद्दार' होते. घोडा सोडला तेव्हा त्यांना नाव मिळालं.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडं घोड्याची पाठ ही मानाची जागा आहे, आणि ती जागा कुणाची हे ठरलेलं आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात निघाली, एवढा त्या जागेचा धाक आहे. पाठीवर कोण बसणार यावर माणसं मरायला-मारायला उठतात. दोरी कुणी धरायची यावर कधी दंगल झालेली ऐकली नाही. ती जागा कुणाला नकोच आहे.

•••

आता तुमचे आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत, कारण आमच्याच घरात जेवताना ते निघतात.

पहिला आक्षेप माझ्या मामाचा. "अगं, घोडी मालकाची. लाखांत पैसे त्यानं घातले. चंदी त्याची, डॉक्टर त्याचा. ढाल त्यालाच मिळणार की."

मिळू दे. ढालीला माझा विरोध नाही. मी नावाबद्दल बोलतेय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मालक आमच्या मालकापेक्षा कितीतरी पट पैसे घालतो. तरी तिथं छापलेल्या कार्डावर घोड्यासमोर तीन नावं असतात : मालक, जॉकी आणि ट्रेनर. पेसी श्रॉफ आधी जॉकी म्हणून आणि नंतर ट्रेनर म्हणून गाजले. रशीद बायरामजी तर ट्रेनर म्हणूनच दंतकथा झाले. ज्या जागेला आपण जुगाराचा अड्डा म्हणून नाकं मुरडतो, तिनं घोडा घडवणाऱ्याचं नाव छापलं. संस्कृतीचे ठेकेदार असलेल्या आमच्या जत्रांना ते जमलं नाही. अर्थात तिथंही साईस त्या कार्डाबाहेरच राहतो, हे विसरून चालणार नाही.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२च्या दिल्ली एशियाडनंतर थेट ४१ वर्षांनी. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. ही मुलं त्यासाठी वर्षानुवर्षं युरोपात राहिली, का? तर तिथं शिकवणारे आहेत. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ दरवर्षी पुरस्कार देतो, त्यात एक पुरस्कार खास सर्वोत्तम ग्रूमला असतो. ग्रूम म्हणजे आपला मोतद्दार. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढरे लिपिझ्झानर घोडे जी पावलं टाकतात, त्यातलं एक आहे जागच्या जागी ठेक्यात पाय उचलणं. आमच्या वरातीच्या घोडीची ती सावत्र बहीणच. फरक एवढा, की व्हिएन्नातली ती विद्या युनेस्कोच्या वारसा यादीत २०१५ साली गेली. तिथं नवा पोरगा शिकाऊ म्हणून लागतो, थान झाडण्यापासून सुरुवात करतो आणि वर्षांनुवर्षं खपून पदवी मिळवतो. आबांकडं पदवी नाही. त्यांच्या हाताखाली शिकायला गेल्या दहा वर्षांत एकही पोरगा आला नाही. का येईल? ज्या कामात नाव नाही, पगार नाही, मुलगी कुणी देत नाही, ते काम कोण शिकेल?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो माझ्या वयाच्या मुलामुलींकडून येतो. "नाचवणं हीच क्रूरता आहे. अशा माणसाचं नाव कशाला मोठं करायचं?"

या आक्षेपाला मी हसून टाळणार नाही. आमच्या घरातल्या खुंटीला एक काटेरी लगाम टांगलेला आहे. घोड्याच्या तोंडात, ओठाच्या कोपऱ्याला टोचणारे खिळे असलेला. आबांनी तो तरुणपणी वापरलाय. मालक म्हणाला होता, लग्नसराईच्या आत घोडं उभं राहिलं पाहिजे. दोन महिन्यांत करून दाखव, नाहीतर दुसरा बघतो. आबांनी करून दाखवलं. घोडं उभं राहिलं. तोंडातून रक्त येत उभं राहिलं. आबा ही गोष्ट स्वतः सांगतात, आणि सांगताना आमच्याकडं बघत नाहीत. असा लगाम वापरायला १९६५ सालापासूनच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे साठ वर्षं होत आली. तरीही तो बाजारात मिळतो, आणि आजही कित्येक वरातींत घोड्याच्या तोंडात असतो. पुढच्या वरातीत नाचायच्या आधी एकदा वाकून बघा.

पण मला सांगा, क्रूरता कुठून आली? ज्या कामाला तीन वर्षं लागतात ते दोन महिन्यांत मागितलं, तिथून आली. मागणाऱ्याचं नाव बोर्डावर होतं, करणाऱ्याचं कुठंच नव्हतं. बिननावाच्या माणसाला लाजही बिननावाचीच असते. आज या मालकाकडं, उद्या त्या. घोडं बिघडलं तर 'घोडंच वांड होतं' म्हणून मोकळं. रेसकोर्सवर घोड्याच्या अंगात बंदी असलेलं औषध सापडलं, तर पहिला जाब ट्रेनरला विचारतात, कारण त्याचं नाव नोंदलेलं आहे, परवाना आहे. नाव दिलं की जबाबदारी येते. ज्यांना घोड्यांची खरी काळजी आहे, त्यांनी तर सर्वांत आधी चाबुकस्वाराचं नाव मागायला हवं.

बैलगाडा शर्यतींचं उदाहरण ताजं आहे. २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली, २०२३ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. जवळजवळ दहा वर्षं महाराष्ट्र भांडला. एका बाजूला बैलाची वेदना, दुसऱ्या बाजूला मालकाची शान आणि परंपरा. बैलाला रोज फिरवणारा, धुणारा, त्याच्या शेजारी झोपणारा गडी या भांडणात कुठं होता? त्याला पगार किती, जखमी झाला तर दवाखाना कोण बघतो, हा प्रश्न माझ्या कानावर तरी आला नाही. प्राणी आणि मालक यांच्यामधला माणूस दोन्ही पक्षांनी कापला. मी रील कापली तसा.

•••

ती रील ज्या प्रदर्शनातली होती, त्याचं नाव मी घेणार नाही. अशी प्रदर्शनं गावोगाव होतात आणि सगळीकडं हेच होतं. आबांनी तयार केलेल्या घोडीचा पहिला नंबर आला. निवेदकानं मालकाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, घोडीचं तर तीन वेळा घेतलं. मंडपवाल्याचं घेतलं. व्यासपीठावरच्या अकरा पाहुण्यांची घेतली, मी मोजली. मालकाला फेटा, ढाल, रोख बक्षीस. फोटोसाठी घोडी मध्ये आणली. फोटोवाला ओरडला, "ओ मामा, जरा बाजूला सरका की!" आबा दोरी लांब करून सरकले. घोडी बुजेल म्हणून दोरी सोडली नाही.

घरी येताना मी चिडले होते. आबा म्हणाले, "घोडी हलली न्हाई बघ फोटोला. एक कान बी हलला न्हाई." त्यांचा नंबर त्यांनी तिथं मोजला होता.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. प्रदर्शनाच्या प्रवेश अर्जावर मालकाच्या नावाखाली एक ओळ वाढवा : घोडा कुणी तयार केला. ती ओळ भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका. निकाल पुकारताना ते नाव पुकारा. बक्षिसाच्या रकमेतला ठरलेला हिस्सा थेट त्या माणसाच्या खात्यात जाऊ द्या. स्पर्धेआधी प्रत्येक घोड्याचं तोंड उघडून बघा. काटेरी लगामाची खूण दिसली तर घोडा बाद आणि दोघांचीही नावं जाहीर, मालकाचंही. सिनेमावाल्यांनो, ऐतिहासिक पटांची लाट तुमची. घोडी सांभाळणाऱ्यांची नावं शेवटच्या यादीत येऊ द्या, घोडी 'पुरवणाऱ्या' कंपनीचं नाव देऊन भागवू नका. आणि ज्या शहरानं ६ मे २०२२ला शाहू महाराजांसाठी शंभर सेकंद जागच्या जागी थांबून दाखवलं, त्या शहराला एका माणसाचं नाव पुकारायला लागणारे दोन सेकंद जड जाऊ नयेत.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. घोड्याची रील टाकाल तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते विचारा. पाव मिनिट लागतं. मला माहीत आहे, कारण मी ते पाव मिनिट दिलं नव्हतं.

•••

इथवर वाचल्यावर तुम्ही म्हणाल, एवढं नावासाठी भांडतेस, मग आबांचं नाव या लेखात का नाही?

मी लिहिलं होतं. पहिल्याच परिच्छेदात. लेख त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी ते काढायला लावलं. एक कारण व्यवहाराचं होतं. ती घोडी अजून त्याच मालकाकडं आहे, आणि आबांचं काम त्याच थानावर आहे. "नाव यील आणि काम जाईल," ते म्हणाले. पंचाहत्तरीच्या माणसाला स्वतःचं नाव छापून यायची भीती वाटावी, यापेक्षा माझ्या बाजूनं मोठा पुरावा नाही.

दुसरं कारण मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "ही घोडी माझ्याकडं आली तवा दोन वर्षांची हुती. तोंडाची मऊ, हाताळलेली. तिला पहिली दोरी कुणीतरी आधीच लावली हुती, आणि लई चांगल्या हातानं लावली हुती. माझं निम्मं काम त्यानं केलंय. आधी त्याचं नाव टाक."

"कोण होता तो?"

आबा बराच वेळ खरारा करत राहिले. मग म्हणाले, "निपाणीकडचा हुता कोण तरी. नाव न्हाई विचारलं मी."

मी ती रील काढून टाकली आहे. मूळ व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, न कापलेला. निपाणीकडं शोध चालू आहे. वर्णन एवढंच : हात हलका आहे, आणि दोरी वेळेवर सोडतो. कुणाला माहीत असेल तर कळवा.